राजीनामा तोंडी देऊ नका

करंजाडेत भाड्याच्या खोलीत राहणारा आमचा तरुण तळोजा एमआयडीसीत जातो, कळंबोलीच्या लोखंड बाजारात जातो, जेएनपीटीकडच्या कंटेनर यार्डात रात्रपाळी करतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि शेजारीच नवी कामे दिसू लागली. चार पैसे जास्त मिळतात म्हणून मुले नोकरी बदलतात. खुशाल बदलावी! जन्मभर एकाच्या दारात उभे राहण्याचा करार आपण केलेला नाही. पण सोडण्याची पद्धत पाहिली की आम्हाला काळजी वाटते. सुपरवायझर काही बोलला, ओळखपत्र टेबलावर आपटले, दुसऱ्या दिवसापासून गैरहजर. ठेकेदाराला हेच हवे असते. ‘पळून गेला’ असा शेरा मारून तो राहिलेला पगार दाबतो.

जयंतीला भाषणे ठोकणाऱ्यांनी बाबासाहेबांचा राजीनामा वाचला आहे काय? हिंदू कोड बिल रखडले, अनुसूचित जातींची उपेक्षा झाली, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लेखी राजीनामा दिला. अधिवेशन संपेपर्यंत थांबा, अशी विनंती झाली तेव्हा संकेत म्हणून थांबलेही. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदनावरून अडवणूक झाली, तर बाहेर पडून ते वृत्तपत्रांना दिले. आजारपणामुळे गेलो असे कुणी समजू नये, हेही त्यात स्पष्ट केले. १९१७ साली बडोद्यात शिपाई ज्यांच्याकडे फायली दुरून फेकत होते, त्यांचा संताप आपल्यापेक्षा कमी होता काय?

जातीवरून अपमान झाला असेल तर हे विशेष ध्यानात घ्या. राजीनाम्यात ‘घरगुती कारणास्तव’ लिहून मोकळे झालात, तर उद्या तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध बोलेल. अॅट्रॉसिटी कायद्यात तो अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवावे लागते. म्हणून तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा.

बाकीचे हिशेबाचे आहे. नेमणूकपत्रातली नोटिशीची मुदत पाहा. राजीनाम्याच्या दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. पीएफ काढून खर्च करू नका, नव्या खात्यात वळवा. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि काढून घेतलेली वर्षे त्यात धरत नाहीत. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षे लागतात, तेव्हा साडेचार वर्षांवर उठून जाणाऱ्याने आधी गणित करावे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर नव्या संहितेने नोव्हेंबर २०२५ पासून एका वर्षातच हा हक्क दिला आहे. मात्र ठेकेदाराचा माणूस त्यात आपोआप बसत नाही.

रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर असे कागद वाचून देणारे एखादे शिकलेले पोर बसवा. सभामंडपाच्या वर्गणीइतकेच ते गरजेचे आहे, असे आम्हाला वाटते.