ई-माउंटन बाइक बुक करण्याआधी दुकानदाराला काय विचाराल?
"हवं ते मॉडेल दोन-तीन महिन्यांनी येईल, बुकिंग करून ठेवा," असं दुकानदार म्हणाला, की आधी विचारा: मोटर बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? ब्रेक, चेन, टायर कोणताही चांगला सायकलवाला बघेल. पेडलजवळच्या मोटरमधला दोष शोधायला मात्र बहुतेकदा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते अधिकृत डीलरकडेच असतं.

बॅटरीचं प्रकरण त्याहून अवघड. ती साधारण 500 ते 750 वॉट-तासांची असते. प्रवाशाला विमानातून 160 वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. म्हणजे परदेशातल्या भाच्याला "येताना घेऊन ये" म्हणायची सोय नाही. सुटी बॅटरी इथे मिळते का, वॉरंटीचं काम कोणत्या शहरात होतं, हे लेखी घ्या. शिल्लक राहिलेला जुना माल सवलतीत मिळत असेल, तर बॅटरीच्या निर्मितीची तारीख बघा. ती नुसती पडून राहिली तरी हळूहळू क्षमता गमावते.