बोरे-बासी : उन्हाचे आणि श्रमाचे अन्न

माणसाला आवडणाऱ्या अन्नाचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. एक पाहुण्यांपुढे मांडावयाच्या अन्नाचा आणि दुसरा घरच्या माणसांनी आपसांत खावयाच्या अन्नाचा. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी ही पहिल्या वर्गातील मानकरी मंडळी. त्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. दुसऱ्या वर्गातील अन्न रोजच्या रोज पोट भरते, थकवा घालविते, परगावी गेल्यावर आठवते. परंतु त्याची वाच्यता करण्यास माणूस संकोचतो. छत्तीसगडातील बोरे-बासी हे असे संकोचाने खाल्ले गेलेले अन्न आहे. दुर्ग आणि भिलाईच्या परिसरात भाताची शेते व पोलादाच्या भट्ट्या शेजारी शेजारी नांदतात. तेथे या साध्या अन्नाची कथा विशेष बोधप्रद ठरते.

दुर्गचा मुलूख मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून त्याचा कारभार पाहिला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा राजधानीचा मान नागपूरला मिळाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच कारभाराखाली राहिले. पोळ्याचा सण दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने होतो. त्या दिवशी विदर्भात पुरणपोळी होते, तर छत्तीसगडात बेसनाची खारी ठेठरी आणि गूळ घातलेली गव्हाच्या पिठाची खुरमी तळली जाते. सणाचे ताट असे एकमेकांशी नाते सांगते. रोजच्या ताटात मात्र फरक पडतो, कारण छत्तीसगड हा भाताचा देश आहे. 'धानाचे कोठार' ही त्याची ओळखच आहे.

बोरे आणि बासी हे दोन शब्द जोडीने उच्चारले जात असले तरी त्यांत भेद आहे. ताजा भात निववून त्यात पाणी घातले आणि त्याच दिवशी खाल्ला, तर ते बोरे. रात्री उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ला, तर ती बासी. काही घरी भाताचे वेळलेले पाणी, ज्याला तेथे पसिया म्हणतात, तेही त्यात मिसळतात. सोबतीला मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, टोमॅटोची चटणी, लोणचे किंवा एखादी पालेभाजी. भात संपल्यावर उरलेले पाणी पिऊन टाकावयाचे. रोवणीच्या दिवसांत पहाटे शेतावर जाणाऱ्या बाईला यामुळे चूल पेटवावी लागत नाही. सरपण वाचते, वेळ वाचतो आणि रात्रीचा घासही वाया जात नाही.

या रीतीच्या मुळाशी असलेला अनुभव शास्त्राच्या कसोटीला बराचसा उतरतो. भात रात्रभर पाण्यात राहिला की सूक्ष्म जीवाणू त्यातील शर्करेपासून दुग्धाम्ल तयार करतात. दुधाचे दही होताना घडते त्याच जातीची ही क्रिया होय. या आंबण्यामुळे धान्यातील लोह शरीराला घेणे काहीसे सुलभ होते. निवलेल्या भातातील पिष्टाचा काही अंश आपली घडण बदलतो आणि सावकाश पचतो. उन्हात घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात. बासीतील पाणी आणि वर घातलेले मीठ ही तूट भरून काढतात. अर्थात तिलाही मर्यादा आहेत. भांडे व पाणी स्वच्छ हवे, भात पाण्यात पूर्ण बुडालेला हवा आणि दुसऱ्या दिवसापलीकडे तो ठेवू नये. दुर्गंधी किंवा बुळबुळीतपणा आलेला भात टाकूनच दिला पाहिजे.

तरीही 'शिळे' या शब्दाने अनेकांच्या कपाळावर आठी पडते. पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले अन्न, गीतेने तामस आहारात गणले आहे. पण लोकाचार शास्त्रवचनापेक्षा अधिक लवचीक असतो. शीतला सप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची रीत महाराष्ट्रातही आहे, आणि उन्हाळ्यात आंबवलेल्या पिठाची आंबील पिणाऱ्या घरांना आंबट अन्नाचे वावडे असण्याचे कारण नाही. शेजारच्या ओडिशात हाच पाण्यातला भात पखाळ या नावाने जगन्नाथाच्या नैवेद्यात जातो. बंगालमध्ये तो पांता भात होतो, तमिळनाडूत पळय सोरू. अन्न एकच, पण एके ठिकाणी ते देवापुढे जाते आणि दुसऱ्या ठिकाणी चारचौघांत दडवून ठेवावे लागते. हा फरक पदार्थाच्या गुणांचा नसून खाणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा आहे.

भिलाईत हा फरक अधिक ठळक झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. इडली-डोसा, माशाचा कालवण-भात, रोटी-सरसों अशा नाना चवी एका वसाहतीत नांदू लागल्या. काल नांगर धरणारा स्थानिक शेतकरी झोतभट्टीजवळ उभा राहिला. भट्टीतून वाहणारे लोखंड सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस इतके तप्त असते. अशा धगीत दुपार काढणाऱ्याला पाणी, मीठ आणि भात यांची गरज शेतातल्यापेक्षा कमी भासत नाही. परंतु नव्या नगरीत प्रतिष्ठेची मापे बदलली होती आणि 'बासी खाणारा' हा शब्द खेडवळपणाचा शिक्का होऊन बसला.

या शिक्क्याविरुद्ध पुढे सरकारी पातळीवरूनही प्रयत्न झाला. मूळचे दुर्ग जिल्ह्यातले तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी १ मे २०२२ च्या श्रमिक दिनी सर्वांनी बोरे-बासी खावी, असे आवाहन केले. अधिकारी व लोकप्रतिनिधी बासीच्या ताटाला बसले. श्रमिकाचे अन्न एक दिवस सन्मानाच्या पंगतीत आले, हे चांगलेच झाले.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भुकेला कोंडा गोड लागतो, म्हणून कोंड्याचे गुणगान करावयाचे नसते. हौसेने खाल्लेली बासी आणि दुसरे काही नाही म्हणून खाल्लेली बासी यांत मोठे अंतर आहे. नुसत्या भाताने आणि पाण्याने प्रथिनांची गरज भागत नाही. त्या ताटात डाळ, पालेभाजी, शक्य तर दहीही हवे. बासीचा खरा सन्मान उत्सवाच्या ताटापेक्षा येथे आहे. ती खाणाऱ्याला लाज वाटू नये, आणि तिच्यावाचून दुसरे काही खाण्याची ऐपत नाही, अशी वेळही त्याच्यावर येऊ नये. हे दोन्ही साधले की रात्री भातावर ओतलेले तांब्याभर पाणी नाइलाजाचे न राहता आवडीचे होईल.