पोत्यांची उचलठेव आणि कंबरेचे दुखणे

खळे उरकले म्हणजे धान्याच्या पोत्यांची उचलठेव सुरू होते. खळ्यावरून ट्रॉलीत, ट्रॉलीतून घरात आणि घरातून पुन्हा बाजाराच्या वाहनात, असे एकच पोते अनेकदा उचलावे लागते. या दिवसांत धरलेली कंबर पुष्कळांची पुढील पेरणीपर्यंत सुटत नाही. दोष मात्र वयाला किंवा थंडीवाऱ्याला दिला जातो.

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंचे वेढे व आत मऊ गर असतो. दाब वारंवार वाढत गेल्यास वेढ्यांना चिरा पडतात आणि गर बाहेर सरकून पायाकडे जाणारी शीर दाबली जाऊ शकते. हा दाब कसा वाढतो, ते पहारीच्या उदाहरणाने समजते. पहारीने धोंडा हलविताना टेका धोंड्याजवळ ठेवतात, म्हणून थोडक्या जोराने काम भागते. पाठीच्या बाबतीत ही पहार उलटी धरलेली असते. टेका म्हणजे चकती. जोर लावणारे स्नायू तिच्यामागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर, आणि वजन पुढे ५० सेंटिमीटरवर. युरियाची ४५ किलोची गोणी अशी धरल्यास स्नायूंना सुमारे ४५० किलोंचा ताण सोसावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार निराळाच.

जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसविला होता. सरळ उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. पाठ वाकवून २० किलोचे ओझे उचलताना तो २.३, तर गुडघे दुमडून उचलताना १.७ भरला. मोजमाप एकाच व्यक्तीचे आहे हे खरे. तरी पाठीऐवजी गुडघे वाकविण्याचा लाभ त्यातून दिसतो. परंतु भरलेले फुगीर पोते दोन गुडघ्यांत मावत नाही, ते पुढेच राहते. म्हणून केवळ ‘गुडघ्यात वाका’ एवढा उपदेश अपुरा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असताना उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरवर, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर आणि कंबरेला पीळ न देता. तेच ओझे जमिनीवरून उचलल्यास मर्यादा १८ किलोंच्या आसपास येते. शिवाय ते ५० सेंटिमीटर दूर असल्यास केवळ ९. तेव्हा ५० किलोचे पोते जमिनीवरून एकट्याने उचलण्याची निर्धोक अशी रीतच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा उल्लेख केला, तो त्याहून जड ओझी कमी करण्यासाठी. तितके वजन सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ घेऊ नये.

यास्तव पोते जमिनीवर टेकूच न देणे हा उत्तम उपाय होय. कोठाराच्या दाराशी ७५ सेंटिमीटर उंचीचा ओटा बांधावा, किंवा जुन्या फळ्यांचे भक्कम मचाण करावे. पोती तेथेच भरावी, शिवावी व तेथूनच वाहनात सरकवावी. दूर न्यावयाची असल्यास दोन चाकांची हातगाडी वापरावी. घरच्या साठवणीसाठी पोती निम्मी भरणे सर्वांत स्वस्त पडते. खताची गोणी मात्र फोडता येत नाही. ती दोघांनी चारही कोपरे धरून, एकाने इशारा दिल्यावर उचलावी आणि वळताना कंबर न पिळता पावले वळवावी. झोपेत चकतीत पाणी मुरून ती फुगते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर हे काम टाळणे इष्ट. ट्रॅक्टरवर दीर्घकाळ बसून आल्यावरही थोडे चालून मग ओझ्याला हात लावावा.

कंबरेची कळ पायात उतरून पाय लुळा अथवा बधिर वाटू लागल्यास, किंवा लघवीवरील ताबा सुटल्यास, चोळणे वा शेकणे यात वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.