वीतभर मोटार आणि तिच्या पोटाखालच्या खुणा

अमेरिकेत १९६० च्या दशकात निघालेल्या काही मोटारींना ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे दंडातली बेटकुळी. गाडी अंगाने मध्यम, पण पुढच्या झाकणाखाली भलेमोठे आठ सिलिंडरचे इंजिन, आणि किंमत अशी की कारखान्यातल्या तरुण कामगारालाही हप्त्याने घेता यावी. १९६४ सालची पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ. ही या घराण्यातली पहिली असे बहुतेक जण मानतात. तिच्यामागून मस्टँग, कमॅरो, चार्जर, रोड रनर अशा गाड्या आल्या. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुरावर निर्बंध आले, १९७३ साली तेलाचे संकट कोसळले आणि हे घराणे मोडले.

रस्त्यावरून त्या गेल्या, पण टेबलावरून गेल्या नाहीत. त्यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती सुट्या भागांच्या रूपात डब्यातून मिळतात. या डब्याला ‘किट’ म्हणतात. आकार खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाचा. १९६८ सालची डॉज चार्जर खरी सव्वापाच मीटरहून थोडी लांब होती. तिची प्रतिकृती २१ सेंटिमीटर भरते, म्हणजे वीतभर. डबा उघडला की शंभराच्या आसपास भाग, फांदीला पाने असावीत तसे प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेले. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे.

वाचक विचारतील, हे श्रीमंतांचे चोचले आपल्या पानावर कशाला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत असा डबा आज तीसेक डॉलरच्या घरात पडतो. आपल्याकडे मागवायचा तर टपालखर्च आणि जकात धरून ती रक्कम आपल्या घरांना झेपणारी नाही. पण हा छंद जन्माने श्रीमंतांचा नाही. तो मोटार कारखान्यांच्या शहरात जन्मला, आणि दीड-दोन डॉलरला मिळणारा डबा तिथली पोरे खाऊच्या पैशातून घेत. शिवाय डब्यातली गाडी आहे त्याहून चांगली करण्याचे जे काम आहे, ते तर सरळसरळ आपल्या गॅरेजमधल्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामगाराचे कसब आहे, लहान मापात.

सुरुवात डेट्रॉइटला झाली. ए.एम.टी. नावाच्या कंपनीने १९४८ पासून मोटार विक्रेत्यांसाठी छोट्या तयार गाड्या बनवायला घेतल्या. नवी मोटार घ्यायला आलेल्या बापाच्या पोराच्या हातात विक्रेता ही छोटी गाडी देई. १९५८ पासून त्याच साच्यांतून सुटे भाग काढून कंपनी डबे विकू लागली. एकाच डब्यातून साधी, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी बांधता येई. जो-हान, एम.पी.सी., रेव्हेल, मोनोग्रॅम या कंपन्याही या धंद्यात होत्या. त्या काळी संगणक नव्हता. कारागीर आधी मोठ्या मापाचा लाकडी नमुना कोरत. मग पँटोग्राफ नावाच्या यंत्राची एक टोकदार काडी त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसरीकडे तेवढाच आकार लहान होऊन पोलादात कोरला जाई. तो पोलादी साचा म्हणजेच सगळे भांडवल. डाय-मोल्डच्या खात्यात काम केलेल्या आमच्या वाचकांना याची किंमत वेगळी सांगायला नको. तेव्हाचे काही साचे आजही चालतात, कंपन्यांचे मालक मात्र अनेकदा बदलले.

साचा महाग म्हणून त्यात काटकसर आली, आणि काटकसरीतून खोट. जुन्या डब्यांतली सर्वांत प्रसिद्ध खोट अशी की पुढच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडी सळई थेट इंजिनाच्या पोटातून आरपार जाते! खऱ्या गाडीत असे झाले तर इंजिन एक फेरासुद्धा फिरणार नाही. सायलेन्सरचा पाइप, स्प्रिंगा, टाकी हे सगळे गाडीच्या तळाशी एकजीव ओतलेले असे. जाणकार ही सळई कापून टाकतात, इंजिनाची भोके बुजवतात आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र खुंटी करतात. पाइपही कापून वेगळा करतात. यालाच डबा ‘सुधारणे’ म्हणायचे.

अंगाचे काम यापेक्षा जास्त वेळ खाते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लास्टिकवर बारीक रेघ उठते, बहुधा मडगार्डच्या उंचवट्यावर, अगदी डोळ्यांत भरेल अशी. ती खरवडून पॉलिश पेपरने मोडावी लागते. जाड प्लास्टिक थंड होताना आत बसते, तिथे पोचा पडतो. तो लांबी भरून सपाट करायचा. दारांच्या फटी साच्यात उथळ आलेल्या असतात. रंगाचे चार हात बसले की त्या भरून जातात आणि दार आहे की नुसती रेघ हे कळत नाही. म्हणून रंगाआधी पात्याच्या पाठीने त्या हळूहळू खोल करायच्या. मग साबणाच्या पाण्याने अंग धुवायचे, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा त्यावर असतो. मग प्रायमर आणि मग रंग, तोही पातळ. खऱ्या गाडीच्या रंगाचा थर पंचवीस पट पातळ करता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी हात आपोआप आखडतो. शेवटी १५०० नंबरच्या पाण्याच्या पेपरपासून चढत चढत त्याहून कितीतरी बारीक कापडापर्यंत घासायचे, तेव्हा आरशासारखी झळाळी येते. आमच्या मते नवशिक्याचे निम्मे काम इथेच बिघडते. रंग वाळायच्या आत त्याला बोट लावायचा मोह होतो.

चकचकीत पट्ट्यांची गोष्ट वेगळी. या गाड्यांच्या काचांभोवती, दारांच्या कडेला चंदेरी पट्ट्या असत. किटमध्ये त्या अंगाबरोबरच ओतलेल्या असतात, म्हणजे त्याच रंगाच्या. चंदेरी रंग ब्रशने मारला तर तो राखाडी आणि ओबडधोबड दिसतो. म्हणून एक अतिशय पातळ, मागून चिकट असा धातूचा कागद वापरतात. स्वयंपाकघरातली फॉइल त्यामानाने जाड. कागदाचा तुकडा पट्टीवर टाकायचा, कापसाच्या बोळ्याने आणि दातकोरणीने दाबून बसवायचा, आणि कोऱ्या पात्याने, अजिबात जोर न लावता, कडेने कापायचा. पाते बोथट असेल तर कागद फाटतो, हात जड असेल तर खालचा रंग कापला जातो. घरात मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे आवर्जून द्या. डब्यांवरच्या जाहिराती बराच काळ फक्त पोरांसाठीच होत्या, म्हणून आपणही तसेच वागावे असे नाही.

आता इंजिन. चार्जरला मिळणाऱ्या इंजिनांत सर्वांत नावाजलेले ‘हेमी’. ज्वलनाची जागा अर्धगोल म्हणून हे नाव. ते सात लिटरचे होते. आपल्या मारुती ८०० ची जवळजवळ नऊ इंजिने त्यात बसावीत! ठोकळा नारिंगी, वरची झाकणे काळी आणि सुरकुतलेल्या रंगाची. डब्यातल्या इंजिनाला वायरी नसतात. त्या घालायच्या तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला सुईएवढ्या बिटाने भोके पाडून केसासारखी तार ओवावी लागते. खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे प्रतिकृतीत ०.३ मिलिमीटर. आणि वायर कुठूनही कुठेही नेऊन चालत नाही. या इंजिनात ठिणगी १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने पडते. ड्रायव्हरच्या बाजूला १, ३, ५, ७ आणि पलीकडे २, ४, ६, ८. टोपीवरच्या भोकांचा क्रम त्याच हिशेबाने लावायचा. हेमीची आणखी एक खूण म्हणजे वायरी झाकणाच्या कडेने नव्हे, तर झाकणाच्या मधोमध आत उतरतात. बारा वर्षांच्या मुलाने हे एकदा हाताने केले की आठ सिलिंडरचे इंजिन कसे चालते हे त्याला पुस्तकापेक्षा लवकर कळते, असे आमचे मत आहे.

आई-वडिलांसाठी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. या कामाचा गोंद साधा गोंद नव्हे. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मुरतात, वेल्डिंगसारखे. त्याची वाफ डोक्यात जाते. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुले हा गोंद मुद्दाम हुंगू लागली होती. तेव्हा टेस्टर्स या कंपनीने त्यात मोहरीचा झणझणीत अर्क घातला, म्हणजे हुंगणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यावे. खोली एकच असेल तर हे काम दार-खिडकी उघडी ठेवून, चूल किंवा स्टोव्ह पेटलेला नसताना करावे. फवाऱ्याचा रंग तर घराबाहेरच मारावा. आणि पाते मोठ्यांनी हाताळावे.

इतके सगळे झाले की बहुतेक लोक थांबतात, कारण गाडी वरून सुंदर दिसते. खरा जाणकार मात्र गाडी उलटी करतो. जुन्या मोटारी जशाच्या तशा दुरुस्त करणाऱ्यांना त्यांच्या पोटाखाली चमत्कारिक गोष्टी सापडत आल्या आहेत. तळ गुळगुळीत रंगवलेला नसतो. त्यावर प्रायमर असतो आणि कडेने अंगाच्या रंगाचा उडालेला फवारा. स्प्रिंगांवर, अ‍ॅक्सलवर निळे, पिवळे, पांढरे ठिपके असतात. हा भाग कोणत्या गाडीचा, बोल्ट आवळला की नाही, तपासणी झाली की नाही, हे लाइनवरच्या माणसाने ब्रशच्या एका फटकाऱ्यात पुढच्या माणसाला सांगितलेले असे. कुठे खडूने घाईत लिहिलेला आकडा असतो. सीटच्या स्प्रिंगांत कोंबलेला एक कागदही सापडतो. या गाडीला कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती सीट लावायची याची ती यादी. काम झाले की कामगार तो तिथेच सोडून देत. प्रतिकृती बांधणारे हे सगळे फोटोंवरून बघून दाढीच्या ब्रशच्या एका केसाने वीतभर गाडीच्या पोटाखाली उतरवतात. साच्यातून कंपनीची गाडी निघते. कामगाराची गाडी अशी हाताने परत आणावी लागते.

तो कामगार कोण होता? चार्जर ज्या कारखान्यांत जुळवली जाई त्यांतला एक म्हणजे डेट्रॉइटच्या पोटात असलेल्या हॅमट्रॅमॅक गावातला ‘डॉज मेन’. तिथे काळ्या कामगारांची संख्या मोठी होती आणि जड, घाणेरडी कामे त्यांच्याच वाट्याला येत. २ मे १९६८ रोजी लाइनचा वेग वाढवल्याच्या विरोधात तिथे अचानक काम बंद पडले. काम थांबवणाऱ्यांत गोरेही होते, काळेही. शिक्षा मात्र मुख्यतः काळ्यांना झाली. जनरल बेकर (हे नाव आहे, हुद्दा नव्हे) यांना कामावरून काढले. त्यातूनच ‘डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’, थोडक्यात ‘ड्रम’, ही काळ्या कामगारांची संघटना उभी राहिली आणि जुलैत तिने पुन्हा काम बंद पाडले. डब्यावरच्या रंगीत चित्रात जी १९६८ ची चार्जर धावताना दिसते, ती याच वर्षाची. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पुढे पाडला गेला.

आणि चार्जरचा सर्वांत खपलेल्या डब्यांपैकी एक कोणता? जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेत ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ नावाची दूरदर्शन मालिका सुरू झाली आणि १९८५ पर्यंत चालली. तिच्यातली नारिंगी चार्जर जवळजवळ दर भागात उड्या मारी. दारावर ०१ हा आकडा, नाव ‘जनरल ली’, आणि छतावर दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा झेंडा. १८६१ ते १८६५ या काळात ही राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली, आणि रॉबर्ट ली हा त्यांचा सेनापती. एम.पी.सी.ने या गाडीचे किट काढले. असंख्य पोरांनी तो झेंडा आपल्या हाताने छतावर चिकटवला, त्यात काही विशेष आहे असे त्यांच्या घरात कोणाला वाटलेही नसेल. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन शहरातल्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ काळ्या माणसांना गोळ्या घालून मारले. त्याचे या झेंड्यासोबतचे फोटो बाहेर आले. त्यानंतर काही दिवसांतच मालिकेचे हक्क असलेल्या वॉर्नर ब्रदर्सने झेंड्यासह ही गाडी बनवण्याचे परवाने बंद केले. झेंडा नुसता रंगीत कागद नसतो, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

छंदवाल्यांत यावर वाद झाले. काहींच्या मते मालिकेत होती तशीच गाडी हवी, नाहीतर प्रतिकृती कसली? आम्हाला हे पटत नाही. ज्याला अचूकपणाची एवढी चाड आहे, त्याने आधी पोटाखालचे ठिपके काढून दाखवावेत.

कामाची गोष्ट इतकीच की डब्यातले डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून बसवायची चित्रे, एकाच कागदावर छापलेली असतात. भिजवण्याआधी प्रत्येक चित्र कात्रीने वेगळे कापून घ्यावे लागते. आकडे आणि नावाच्या पट्ट्या पाऊण मिनिट कोमट पाण्यात ठेवून अलगद सरकवून बसवायच्या आणि बुडबुडे कापसाने दाबून काढायचे. झेंड्याचा तुकडा कोरडाच बाजूला ठेवला की छतावर कोणतेही भोक, कोणतीही रेघ उरत नाही. तिथे नारिंगी रंगाला शेवटचे पॉलिश मारून घ्यावे.