कॅनिस्टर फिल्टरमध्ये अडकलेली हवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फिशटँकच्या खालच्या कपाटातला कॅनिस्टर फिल्टर धुऊन परत जोडला की अनेकदा खरी कटकट तेव्हाच सुरू होते. मोटर घरघरते, पण पाणी येत नाही. आलंच तर धार बारीक आणि आतून गुळगुळ आवाज. ‘हवा अडकली’ हे निदान सगळेच करतात, उपाय मात्र ज्याचा त्याचा वेगळा. कुणी डबा गदागदा हलवतं, कुणी थापट्या मारतं, कुणी मोटर चालू-बंद करत बसतं. खरं तर इथे दोनच प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात: हवा कुठून आत येऊ शकते आणि कुठून बाहेर जाऊ शकते? दोन्ही गोष्टी पाण्याच्या दाबावर ठरतात. त्या दाबाचा विचार न करता उपाय सुरू केले, की पुढचे गैरसमज पक्के होत जातात.

गैरसमज १: मोटर चालू केली की ती टाकीतलं पाणी आपोआप ओढून घेते.

वस्तुस्थिती: कोरड्या डब्यातली मोटर पाणी ओढू शकत नाही. झाकणात बसवलेला इम्पेलर म्हणजे चुंबकाच्या जोरावर फिरणारं छोटं पातं. ते पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकतं. या फेकण्यातून किती दाब तयार होणार, हे जे फिरवायचं त्याच्या घनतेवर अवलंबून असतं, आणि हवा पाण्याच्या तुलनेत साधारण ८०० पट हलकी. त्यामुळे जो पंप पाणी दीड मीटर उंच चढवतो, त्याच्या पोटात नुसती हवा असेल तर त्याचा सगळा जोर जेमतेम २ मिलिमीटर पाणी उचलण्याइतका उरतो. शिवाय इम्पेलरच्या दांड्याला वंगण पाण्याचंच मिळतं. कोरडा फिरला की तो तापतो आणि झिजतो. म्हणून आधी डबा पाण्याने भरायचा आणि मगच स्विच लावायचा.

गैरसमज २: प्रायमिंगचं बटण जितक्या जास्त वेळा दाबू तितकी जास्त हवा निघेल.

वस्तुस्थिती: बटणाचं काम टाकीतलं पाणी इनलेट पाइपच्या वरच्या वळणापलीकडे नेण्यापुरतं असतं. एकदा सायफन सुरू झाला की पुढे पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं. पण डब्यात पाणी शिरायचं तर आतली हवा बाहेर पडली पाहिजे, आणि तिची वाट एकच: आउटलेटचा पाइप. तिथला व्हॉल्व्ह बंद असेल, किंवा जास्त लांब ठेवलेल्या पाइपला कपाटात झोळ पडून त्यात पाणी साचलं असेल, तर हवा अडकून बसते. मग बटण दाबून फक्त अंगठा दुखतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवा, आउटलेटचं टोक भरणं होईपर्यंत टाकीतल्या पाण्याच्या वर धरा आणि ‘भस्स’ करून हवा निघू द्या. पाइप झाकणापासून टाकीच्या कडेपर्यंत सतत चढता हवा. उरलेली लांबी कापून टाका. स्पंज आणि सिरॅमिक रिंग डब्यात रचण्याआधी टाकीच्या पाण्यात बुडवून पिळून घेतल्या, तर त्यांच्या छिद्रांत दडलेली हवाही कमी होते. पाइप तोंडाने मात्र ओढू नका. टाकीचं पाणी पोटात जाण्यासारखं नसतंच. हाताला जखम असेल तर तो हातही पाण्यात घालू नये, कारण मायकोबॅक्टेरियम मरीनम हा जिवाणू अशा जखमेतून शिरून त्वचेचा चिवट आजार देऊ शकतो.

गैरसमज ३: फिल्टर इतका खाली आहे, मोटरला पाणी वर चढवताना दम लागणारच.

वस्तुस्थिती: सगळे पाइप पाण्याने भरलेले असतील तर उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. विहिरीच्या रहाटाला दोन्ही बाजूंना भरल्या घागरी बांधल्यासारखंच ते. मोटरला फक्त पाइप आणि मीडियातलं (म्हणजे स्पंज, रिंग यांतलं) घर्षण पार करावं लागतं. उतरत्या पाइपमध्ये ३० सेंटिमीटर हवा अडकली की मात्र तोल गेला. तेवढी उंची मोटरला स्वतःच्या बळावर भरून काढावी लागते आणि धार बारीक होते. उलट फिल्टर टाकीच्या बरोबरीने किंवा वर ठेवून चालत नाही. तिथे उतारच नसल्याने डबा सायफनने भरणार कसा? किती खाली ठेवायचा, हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

गैरसमज ४: आत हवा येते, म्हणजे झाकणाची ओ-रिंग गेली.

वस्तुस्थिती: डबा टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा एक मीटर खाली असेल, तर त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणीय दाबाच्या सुमारे एक दशांशाने जास्त असतो. अशा ठिकाणी फट पडली तर हवा आत येत नाही, पाणी बाहेर ठिबकतं. हवा आत खेचली जाईल असा नेहमीचा टप्पा एकच: इनलेट पाइपचा पाण्याच्या पातळीवरचा भाग. तिथले सांधे, कोपऱ्याचा तुकडा आणि जुना होऊन कडक झालेला पाइप आधी तपासा.

याला एक अपवाद आहे. इनलेटची जाळी शेवाळाने किंवा पानांनी तुंबली तर मोटरच्या ओढीने डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो. मग ओ-रिंगमधूनही हवा येते. असा फिल्टर चालू असताना कोरडा दिसतो आणि बंद केल्यावर ठिबकू लागतो. म्हणून मोटर थांबवा, झाकणाच्या कडेला टिश्यू पेपर गुंडाळा आणि थोड्या वेळाने पाहा. ओ-रिंगवरचा वाळूचा एखादा कणही फट पाडायला पुरतो. ती पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं.

गैरसमज ५: बुडबुडे दिसले म्हणजे कुठेतरी गळती आहेच.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा हवा राजरोस, इनलेटच्या तोंडातूनच आत जाते. एअर स्टोन इनलेटजवळ असेल, पाणी बदलायचं राहून पातळी खाली गेली असेल आणि इनलेटवर भोवरा पडत असेल, किंवा आउटलेटचे तुषार फेसासह पुन्हा इनलेटकडे येत असतील, तर फिल्टरला दोष देण्यात अर्थ नाही. वनस्पतींच्या टाकीत सोडलेला कार्बन डायऑक्साइडही असाच ओढला जातो.

दुसरं कारण पाण्यातच असतं. २० अंश सेल्सियसच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. हिवाळ्यात नळाचं गार पाणी भरून हीटर लावला की जादाचा वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि डब्यात वर साचतो. साफसफाईनंतर एक-दोन दिवस थोडे बुडबुडे निघणं तर नेहमीचंच. महिनोन्‌महिने न धुतलेल्या मीडियात मात्र ऑक्सिजन न पोचणारे कोपरे तयार होतात आणि तिथले जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात. त्यावर उपाय धुण्याचाच, आणि तोही टाकीतल्या पाण्याने. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने उपयोगी जिवाणू मरतात.

गैरसमज ६: खडखड म्हणजे हवाच.

वस्तुस्थिती: हवेचा आवाज बदलता असतो. गुळगुळतो, थांबतो, पुन्हा येतो. एकसुरी खडखड ऐकू येत असेल तर इम्पेलरकडे बघा. सिरॅमिकचा दांडा तुटलेला असतो, रबरी बूच झिजलेलं असतं, किंवा बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार साचलेले असतात. ओळखायचं कसं? चालू डबा हळूच एका बाजूला कलता करा. आउटलेटमधून बुडबुड्यांचा लोट आला आणि आवाज बदलला तर हवा. काहीच फरक पडला नाही तर स्विच बंद करून इम्पेलर उघडा.

गैरसमज ७: वीज गेली की दर वेळी फिल्टर नव्याने भरावा लागतो.

वस्तुस्थिती: नीट हवाबंद असलेल्या फिल्टरमध्ये वीज नसतानाही पाइप भरलेलेच राहतात आणि वीज आली की पाणी लगेच वाहू लागतं. तसं होत नसेल तर वरच्या टप्प्यातून हवा शिरते आहे, हे नक्की. त्यामुळे फिल्टर जोडल्यावर दहा मिनिटं मुद्दाम बंद ठेवून पुन्हा सुरू करा. तो आपला आपण चालला, तर काम झालं. वीज बरेच तास गेली असेल तर मात्र तसाच सुरू करू नका. बंद डब्यात ऑक्सिजन संपून पाणी नासतं. आधी ते साठलेलं पाणी फेका, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच जोडा.