विश्लेषण : स्वतंत्र कलाकारांच्या टी-शर्टला प्लास्टिकची पिशवी हवीच का?

स्ट्रीमिंगमधून हाती फारसे काही लागत नसल्याने स्वतंत्र बँड आणि रॅपर टी-शर्ट, पोस्टर, स्टिकर विकून खर्च भागवतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घराघरांतून निघणाऱ्या या पार्सलांमधले प्लास्टिक कमी करता येईल का?

कायदा काय सांगतो?

राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. केंद्राची एकल वापर प्लास्टिकबंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. त्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही येतात. म्हणजे कार्यक्रमातल्या स्टॉलवरचा बॅनर आणि हातात दिली जाणारी पिशवी, दोन्ही तपासायला हवे. वेष्टनाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी मात्र केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार मोठ्या ब्रँडवर आहे; सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना त्यातून सूट आहे. त्यामुळे घरून विक्री करणाऱ्याने काय करायचे, हे बहुतांशी त्याच्याच हातात आहे.

प्लास्टिक येते कुठून?

टी-शर्ट छपाईवाल्याकडून अनेकदा एकेका पारदर्शक पिशवीत येतो. त्यावर कुरिअरची पिशवी, बबल रॅप आणि सेलो टेप चढते. सगळ्यात सोपी बचत पहिल्याच टप्प्यावर आहे. ऑर्डर देतानाच ‘एकेक पॅक करू नका, सगळे एकाच मोठ्या पिशवीत द्या’ असे सांगायचे. ५० टी-शर्टमागे ४९ पिशव्या वाचतात आणि त्यासाठी खर्चही नाही.

कागद पावसात टिकेल?

खरी अडचण हीच. जून ते सप्टेंबर कागदी पाकीट भिजण्याची भीती असते. एका सुती टी-शर्टसाठी सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा डब्ल्यूडब्ल्यूएफचा अंदाज आहे. काही ग्रॅम प्लास्टिक वाचवताना टी-शर्टच खराब झाला, तर तोटा मोठा. म्हणून पावसाळ्यात आलेल्या पार्सलची जुनी कुरिअर पिशवी उलटी करून वापरावी. इतर महिन्यांत क्राफ्ट कागद आणि कागदी टेप पुरते. पोस्टरसाठी पुठ्ठ्याची नळी, सीडीसाठी नालीदार पुठ्ठा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा भरावा पुरेसा आहे.

‘बायोडिग्रेडेबल’ पिशवी घ्यावी?

नुसत्या शब्दावर विसंबू नये. कम्पोस्टेबल प्लास्टिकला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अशी पिशवीही कचऱ्यात कुठेही पडून खत होत नाही. त्यासाठी योग्य तापमान आणि ओलावा असलेली प्रक्रिया लागते.

मोठे कलाकार काय करतात?

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेलेल्या कोल्डप्लेने ‘मून म्युझिक’ या २०२४ च्या अल्बमच्या रेकॉर्ड पुनर्प्रक्रिया केलेल्या पेट प्लास्टिकपासून बनवल्या. एका रेकॉर्डला नऊ बाटल्या. छोट्या कलाकाराला हे परवडणारे नाही. पण त्याच्याकडे मोठ्यांकडे नसलेली एक सोय आहे : त्याचा बराचसा श्रोता जवळच राहतो. आगाऊ नोंदणी घेऊन तेवढेच टी-शर्ट छापायचे आणि कार्यक्रमात किंवा स्टेशनबाहेर भेटून हातात द्यायचे. तिथे ना पिशवी लागते, ना कुरिअरचे पैसे.