प्रथमांकाचे इमान

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सरहद्दीलगत, अशी 14 गावे आहेत की ज्यांवर दोन राज्ये आपापला हक्क सांगत आली असून तेथील अनेक कुटुंबांजवळ दोन्हीकडच्या शिधापत्रिका आहेत आणि दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत त्यांची नावे आहेत. यावर चित्रपट निघावा, असे कोणाही रसिकास सहज वाटेल. परंतु पटकथेच्या दृष्टीने पाहता येथे अद्याप केवळ परिस्थिती आहे, संघर्ष नाही. ज्याला काही मनापासून हवे आहे, आणि आपल्या स्वभावामुळेच जो ते सोडू शकत नाही, असा माणूस त्या परिस्थितीत उभा राहीपर्यंत कथा जन्मास येत नाही. आणि तो माणूस उभा करणे हेच चित्रपटाच्या प्रथमांकाचे, म्हणजे साधारणतः पहिल्या चतुर्थांशाचे, खरे कार्य होय.

गडचिरोलीच्या पूर्वेस पसरलेल्या छत्तीसगडच्या अरण्यमुलखात घडणारा अमित मसूरकर यांचा ‘न्यूटन’ (2017) हा हिंदी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. आरंभीच, प्रचारास निघालेल्या एका उमेदवाराची माओवादी हत्या करतात. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने यापुढे बंदुकांचाच पसारा मांडला असता; मसूरकर मात्र आपल्याला एका सरकारी कारकुनाच्या घरी नेतात. नूतन हे नाव टाकून ‘न्यूटन’ हे नाव या तरुणाने स्वतःच धारण केले आहे. पाहावयास गेलेली वधू अल्पवयीन आहे हे कळताच आईबापांचा रोष पत्करून तो ते स्थळ नाकारतो. आणि निवडणुकीच्या प्रशिक्षणवर्गात एक अनुभवी अधिकारी त्याला, तुझ्या ठायी प्रामाणिकपणाचा गर्व आहे, असे स्पष्ट सुनावतो. हत्येने संकटाची कल्पना दिली, या प्रसंगांनी स्वभावाची. आणि म्हणूनच, अवघ्या 76 मतदारांच्या ज्या अरण्यातील केंद्रावर त्याची नेमणूक होते, तेथील बंदोबस्त सांभाळणारा आत्मासिंग जेव्हा त्याला मतदान घेण्यापासून परावृत्त करू लागतो, तेव्हा हा तरुण माघार घेणार नाही हे प्रेक्षक आधीच जाणून असतो. वधूच्या वयाबाबत ज्याने तडजोड केली नाही, तो मतदानाबाबत कशी करील? पुढील सारा संघर्ष असा नायकाच्या अंतरंगातूनच उगवतो.

मराठी चित्रपटास ही विद्या नवीन नाही. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) तुकोबांची निरहंकार तल्लीनता आणि त्यांचेच अभंग स्वतःच्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोचा दंभ ही दोन टोके प्रारंभीच समोरासमोर ठेवलेली आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे भटकणारा जब्या प्रथम दिसतो, त्याची आस आधी आपल्या मनात रुजते, आणि मगच जातिव्यवस्थेची भिंत तिच्या आड येते. क्रम उलट असता तर आपल्याला एक सामाजिक प्रश्न दिसला असता, जब्या दिसला नसता.

सरहद्दीवरील त्या गावांची कथा सांगू इच्छिणाऱ्याने हा क्रम ध्यानी धरावा. तहसिलीचे दप्तर, दोन सरकारांचे दाखले, पुढाऱ्यांचे दौरे हे सारे नंतर येऊ द्यावे. आधी, समजा, खोटे बोलणे जिला जमतच नाही आणि कसत्या जमिनीचा सातबारा जिला आपल्या नावे हवा आहे, अशी एखादी कोलाम आदिवासी स्त्री तिच्या घरात, तिच्या माणसांत दाखवावी. मग, तुम्ही कोणत्या राज्याच्या, हा तलाठ्याचा साधा प्रश्नही प्रेक्षकाचा श्वास रोखून धरील.

अरण्यातील माणसे आजवर पडद्यावर बहुधा दुसऱ्याच्या साहसाची पार्श्वभूमी म्हणून आली. चित्रपटात ज्याची इच्छा आपल्याला प्रथम कळते, त्याच्याच डोळ्यांनी आपण पुढचे जग पाहू लागतो. म्हणून प्रथमांक कोणाच्या स्वाधीन करावयाचा, हा कलेचा प्रश्न असला तरी तो न्यायाचाही प्रश्न आहे, आणि जिवतीच्या माणसांचा त्यावरील हक्क आता मान्य व्हावयास हवा.